बारा अमेरिकन चित्रं आणि मुकुटबनचा एक चेहरा

यवतमाळ जिल्ह्यात माणसं हिंडायला म्हणून जात नाहीत. कापूस घ्यायला जातात, बदली झाली म्हणून जातात, फार तर सोयरिकीला जातात. मी गेलो तो मालकांनी पाठवलं म्हणून. पुण्यात आमचा शिळाछापखाना आहे. दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागदावर छापायचं, हे आमचं काम. तीस वर्षं मी तिथे देव, पुढारी आणि अत्तराच्या बाटल्यांवरच्या नट्या काढतो आहे. मालकांच्या हाती कुठल्याशा लिलावात एक गठ्ठा लागला. न्यूयॉर्कच्या एका छापखान्यानं शंभर वर्षांपूर्वी छापलेली बारा चित्रं. तिकडे म्हणे शेतकरी, खलाशी, दुकानदार अशा साध्या माणसांच्या भिंतींवर ती घरोघर लागलेली होती. मालक भारावून गेले. म्हणाले, "ह्यातली सहा निवडा, आपल्या लोकांच्या बेतानं पुन्हा काढा. खेड्यापाड्यांत हातोहात जातील." कोणत्या खेड्यांत? मालकांची सासुरवाडी अमरावतीची, म्हणून वऱ्हाड ठरलं. आमच्याकडे निर्णय असेच होतात.

तेव्हा बारा चित्रं पत्र्याच्या चपट्या पेटीत घालून, वर माझे खडू आणि कागद ठेवून, ऐन थंडीत मी निघालो. काय पाहिलं ते लिहितो. ज्यांना तिकडे जायचं नाही त्यांनी वाचावं, ज्यांना जायचं आहे त्यांनी स्वेटर न्यावा.

नेर

नेरला पोचलो तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. बैलगाड्यांची रांग बाजारापासून निघून गावाबाहेर कुठवर गेली होती ते मी पाहायला गेलो नाही. हवेत कापूस, झाडांवर कापूस, चहाच्या दुकानातल्या देवाच्या डोक्यावर कापूस. चहा असा गोड, की मी साखर कमी सांगितली तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि "तब्येत बरी नाही काय?" असं विचारलं. पुण्यात साखर कमी मागणाऱ्याला शहाणा म्हणतात.

त्याच दुकानात पेटी उघडली. वर बर्फाचं चित्र होतं. सगळं रान पांढरं, त्यातून घोड्यांची घसरगाडी चाललेली, गाडीत गालापर्यंत गुंडाळलेलं कुटुंब. एक गाडीवान वाकून पाहायला लागला. मला वाटलं, आता हा कापूस म्हणणार. म्हणून मी आधीच समजावणीच्या सुरात सांगितलं, "हा कापूस नाही बरं का, हे बर्फ आहे."

"बरफच हाय," तो म्हणाला. "तुमाले कापूस वाटला काय?"

दुकान हसलं. मीही हसलो, पण जरा उशिरानं.

"चांगलं हाय," त्यानं निवाडा दिला. "पण माह्या घराले दार नाही धड. भिंतीवर हे लावलं तं बुढी थंडीनं मरून जाईन."

दुसरं चित्र काढलं. मोठ्या नदीत दोन आगबोटींची शर्यत, चारी धुराड्यांतून धुराचे लोट. यावर मात्र सगळे पुढे सरकले. मग एकानं काळजीनं विचारलं, "ही जिनिंग पाण्यात कशी गेली जी?" धुराडं म्हणजे सरकीतून कापूस काढायचा कारखाना, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मी बोटीचा खुलासा केला. तो ऐकून घेतला, पण पटला नाही. कारखाना बुडाला तर मजुरांचं काय, यावर बराच वेळ चर्चा चालली. मालकांना लिहायच्या वहीत मी नोंद केली: बर्फ नको, बोट नको.

तांड्यावर

यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना आमच्या बसचं चाक बसलं. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे पाहिलं, बिडी पेटवली. यावरून किती वेळ लागणार ते समजलं. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडणारी ही माणसं, आता तिथेच ज्वारी-तूर पेरून राहिलेली. खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्या नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, मला बसायला बोलावलं आणि भाजलेल्या हुरड्याचं ताट पुढे केलं. कोण, कुठला, कशाला आला, हे विचारण्याआधी. आमच्या वाड्यात हा क्रम उलटा असतो, आणि पुष्कळदा शेवटचं राहूनच जातं.

त्याच्यासाठी माझ्याकडे खास चित्र होतं. अमेरिकेतली माणसं घरंदारं सोडून पश्चिमेकडे चालली आहेत, मोठमोठ्या छपराच्या गाड्या, त्यांना बैलांच्या जोड्या जुंपलेल्या, मागे बायकापोरं. मला खात्री होती, हे चित्र पाहून म्हातारा आपलं सगळं गाणं गाणार.

त्यानं चित्र उन्हात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. "बैल बरे हायेत," म्हणाला. "पण हे गाडीत कायले भरलं? पाठीवर लादा नं! गाडी नदीत फसते." मग पुन्हा एकदा कोपऱ्याकोपऱ्यातून नजर फिरवून त्यानं विचारलं, "कुत्रं कुठं हाय?"

"कुत्रं?"

"तांडा चालला अन् कुत्रं नाही? मंग सामान कोन राखते? हे लोक पोचले नसतीन."

मी पाहिलं. खरंच कुत्रं नव्हतं. शंभर वर्षं हे चित्र अमेरिकेत लोकांनी पाहिलं असेल, पण ही चूक यवतमाळ जिल्ह्यात सापडली. वहीत लिहिलं: गाड्यांचं चित्र, कुत्रं घातल्यास विचार करावा.

पांढरकवडा

पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्त्यावर गाव कमी आणि ट्रक जास्त. मला तिथे भेटायचं होतं ते करीमभाईंना. बसस्टँडच्या मागे त्यांचं तसबिरी मढवायचं दुकान. चित्र कोण विकत घेतं हे चौकट विकणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. करीमभाई साठीचे, दाढी मेंदीनं लाल, तोंडात खिळे धरून बोलायची सवय. माझी चित्रं त्यांनी सरकारी तपासनिसासारखी पाहिली. घोड्यांची शर्यत: "ट्रकवाले लेंगे." ताटातली फळं: "होटलवाले लेंगे." जळत्या घरावर बंबवाले धावताहेत ते चित्र मात्र त्यांनी लगेच उलटं ठेवलं. "साहब, आग लगे घर का फोटो अपने घर में कौन लटकाएगा?"

मग हातात गुलाब धरलेल्या एका सुंदर मुलीचं चित्र आलं. खाली तिचं नाव छापलेलं. "ये कौन?"

मी त्यांना धंद्यातली गोष्ट सांगितली. ही कोणीच नाही. त्या छापखान्यात चेहरा एकच असायचा, खालचं नाव तेवढं बदलायचं. ज्याच्या बायकोचं, मुलीचं जे नाव असेल ते चित्र त्यानं न्यायचं. आम्हीसुद्धा तेच करतो. एका पुढाऱ्याचा कोट, उपरणं, खुर्ची तशीच ठेवून मी आजवर सहा पुढाऱ्यांची डोकी बसवली आहेत. डोकं म्हणजे तासाभराचं काम, असंही मी जरा फुशारकीनं म्हणालो. हे म्हणायला नको होतं, कारण दुकानाच्या पायरीवर एक तरुण मास्तर उभा होता आणि त्यानं ते ऐकलं.

दौलत त्याचं नाव. मुकुटबनजवळच्या एका वस्तीतला, तिथल्याच शाळेत मास्तर. तो चौकट न्यायला आला होता. करीमभाईंनी माप घ्यायला फोटो मागितला तर म्हणाला, "फोटो नाही. खाली चौकटच द्या."

"खाली फ्रेम ले जाके क्या करेगा?"

मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक. चार दिवसांवर त्याचं लग्न. सहा-सात वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून घरात जुने देव नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याशेजारी ज्यांनी दीक्षा दिली त्यांची, कोट आणि चष्म्यातली. वंदना झाली की नवरा-नवरी मायबापाच्या पाया पडणार. "माय हाय," दौलत म्हणाला. "बाप मी दोन महिन्यांचा असताना हैजानं गेला. त्याचा फोटो कोणी काढलाच नाही. बाप कुठं दाखवू? मायनं लय दिवसांपासून धरून ठेवलं हाय, माह्या लग्नाले बाप भिंतीवर पायजे म्हणून."

करीमभाईंनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "लो," माझ्याकडे बोट करून म्हणाले, "डोकं तासाभराचं काम आहे म्हणे."

मी गेलो, हे काही मनाच्या मोठेपणानं नाही. मुकुटबन माझ्या यादीत होतंच, आणि फुशारकी अंगाशी आली होती.

मुकुटबन

बसमधून उतरल्यावर पुढे दमणीतून गेलो. दमणी म्हणजे इथली हलकी बैलगाडी. हलकी असल्यानं खड्डा तिला कळत नाही, तो बसणाऱ्याला कळतो. दोन्ही बाजूंना तुरीची उभी शेतं आणि त्यांच्या मागे जंगल. जेवायला ज्वारीची भाकर आणि तुरीच्या कोवळ्या दाण्यांत शिजवलेली वांगी, त्यावर बोटभर तेल. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारीनं समाधानानं आणखी एक पळी वाढली. दुसऱ्या दिवशी मी ती भाजी मागून घेतली, हे कबूल करतो.

घराची पुढची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली. तिच्यावर दोन तसबिरी, आणि तिसरा खिळा मोकळा.

दौलतची आई गिरजाबाई. पन्नाशीला टेकलेली, पण दिसायला त्याहून थोराड. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांत निंदण-वेचणी करून एका मुलाला सातवीपर्यंत नेऊन मास्तर केलेली बाई. तिनं माझी बाराही चित्रं मांडीवर घेऊन पाहिली. मांजराच्या पिलांवर हसली. हरणाच्या शिकारीचं चित्र झपकन बाजूला केलं. वादळातल्या जहाजाकडे पाहून "अंदर मानसं हायेत काय?" विचारलं, आणि आहेत म्हटल्यावर तेही बाजूला केलं. शेवटचं चित्र एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. पांढरी दाढी, पांढऱ्या भुवया, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. तिथे ती थांबली.

"हे लावा," ती म्हणाली.

"कोण?"

"हेच. याचा कोट काढून सदरा घाला. हे माणिकराव."

अंगणात जमलेली माणसं हसली. तिचा दीर किसन, दौलतच्या बापापेक्षा, म्हणजे माणिकपेक्षा, चार वर्षांनी लहान, आता पंचेचाळिशीचा, ओशाळून म्हणाला, "वयनी, काय बोलून राह्यली? दादाले तं दाढीच नव्हती. मिशी फुटली व्हती नुसती." माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "डोयानं कमी दिसते तिले आता."

मलाही तसंच वाटलं. बायकांची दृष्टी अशी अंधुक झाली की त्यांना कोणीही कोणासारखा दिसतो, असा मी आपला निष्कर्ष काढला. कप्तानाला पेटीत टाकलं आणि कागद ताणून कामाला बसलो.

डोकं तासाभराचं, हे पुढाऱ्यांचं. पुढारी सगळ्यांनी पाहिलेला असतो. इथे पंचवीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस आणि त्याला पाहिलेले नऊजण, नऊही जण ठाम. किसन म्हणे नाक सरळ. शेजारची म्हातारी म्हणे, "सरय कायचं? नाल्यावरच्या बोरीवरून पडला व्हता, तवापासून वाकडं." किसन म्हणे तो बोरीवरून मी पडलो होतो. यावर दोघांचं असं जुंपलं, की बोरीच्या मालकालाच बोलावणं गेलं. कपाळ दौलतचं घ्यायचं ठरलं, ते सगळ्यांना मान्य. कान किसनचे. मी किसनला स्टुलावर बसवलं तर तो इतका ताठ बसला की कान सोडून सगळंच बदललं. "किसनभाऊ, जेवायला बसल्यासारखं बसा," म्हटलं, तेव्हा जरा माणसात आला.

गिरजाबाई या सगळ्यात नव्हती. लग्नाचं दळण, सारवण, पाहुण्यांचं पाणी. येता-जाता कागदाकडे एकदा बघायची आणि जायची. "हनुवटी कशी होती?" मी विचारलं तर म्हणाली, "तुमी काढून राह्यले नं? काढा." मला तिचा थोडा रागच आला. हिच्यासाठी मी उन्हात बसून बोरीचे खटले चालवतोय, आणि हिला हनुवटी सांगायला फुरसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेहरा जमला. कसा जमला हे मला सांगता येणार नाही. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला मी एक रेघ चुकून जरा वर नेली, आणि किसन स्टुलावरून उठला. जवळ आला. "माणक्या..." म्हणाला आणि तिथेच उकिडवा बसून रडायला लागला. म्हातारी नाकाचं विसरली. "हाच," म्हणाली. "हाच पोरगा." दौलत हात मागे बांधून उभा होता. त्याला पहिल्यांदाच बाप दिसत होता. चेहरा कोवळा, मिशी फुटलेली, हसायच्या बेतात असलेला. मला मनापासून आनंद झाला. तीस वर्षांत कोणी माझ्या चित्रापुढे असं रडलं नव्हतं.

गिरजाबाईला बोलावलं. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि कागदासमोर बसली. खूप वेळ पाहिलं.

"हे तेच हायेत," ती म्हणाली. "अस्सेच व्हते."

आणि उठून आत गेली.

माणसं पांगली. मला वाटलं, एकटं रडायचं असेल. पण थोड्या वेळानं ती पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली, लोटा माझ्यापुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, एक काम हाय. तुमाले राग येईन."

"बोला."

"हे नोका लावू."

मी लोटा उचलून पाणी प्यायलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

"चित्र चांगलं काढलं तुमी. खोटं नाही त्यात. पण पाहा नं." तिनं कागदाकडे बोट केलं आणि मग अंगणात तोरणाचे बांबू रोवणाऱ्या दौलतकडे. "हा तं दौलतहून लहान दिसते. परवा सून घरात येईन. ह्या पोराले ती सासरा कशी म्हणन? अन् मले सांगा, मी याच्या बाजूले बसू कशी? लोक मले याची माय म्हणतीन."

तेव्हा मला उमगलं, की तिच्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. कप्तानाच्या चित्रात तिनं नाक-कान पाहिलेच नव्हते. माझ्या पेटीत बारा चित्रांत म्हातारा माणूस एकच होता, म्हणून तिनं तो मागितला होता. आम्ही दहा शहाणी माणसं दोन दिवस एका जिवंत बाईला सोडून मेलेल्या पोराचं नाक ठरवत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, ती इथे लिहून टाकतो.

"त्याईले माह्याएवढं करता येते काय?" तिनं विचारलं.

मी खडू हातात घेतला. चेहरा तोच ठेवायचा, वर पंचवीस वर्षं चढवायची. सुरकुत्या कुठून आणायच्या हा प्रश्न नव्हता. त्या समोर बसल्या होत्या. एरवी मी नमुना म्हणून कोणाला बसवतो तेव्हा हलू नका म्हणतो, तिला म्हणालो, "तुम्ही बोलत राहा."

मग ती सांगत गेली आणि मी तिच्या चेहऱ्यावरून त्याच्या चेहऱ्यावर उतरवत गेलो. "दौलतले गोवर निघाली व्हती, पंधरा दिवस जागली मी. इथं घ्या," म्हणून तिनं स्वतःच्या डोळ्यांखाली बोट ठेवलं. मी त्याच्या डोळ्यांखाली घेतलं. नाल्याच्या पुरात मागची भिंत गेली, ते कपाळावर. तिच्या बहिणीनं बोलणं टाकलं, ते ओठांच्या कडेला. "नागपूरले गेलतो आमी सारे, दीक्षेले. पांढरं लुगडं नेसून. येताना रस्ताभर गाणे म्हनत आलो. तवा ते नव्हते. तिथं जरासं हसू द्या." डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या बारीक रेघा तिच्याकडे भरपूर होत्या. मी त्यातल्या अर्ध्याच घेतल्या, कारण माणिकचे डोळे आधीच हसरे होते.

किसन कधी येऊन मागे उभा राहिला ते कळलं नाही. बोरीचा वाद त्यानं पुन्हा काढला नाही.

गाल थोडे आत घेतले. मिशी दाट केली आणि भुरी केली. मग डोक्याकडे वळलो आणि पांढरा खडू घेऊन केस पांढरे करायला लागलो. म्हातारा करायचाच तर नीट करावा, या धंद्याच्या सवयीनं माझा हात भराभर चालला होता. कपाळावरचे झाले, उजव्या कानावरचे झाले.

तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "इतकं बी थकवू नोका त्याईले. थोडे काये राहू द्या. लेकाचं लगन हाय."

मी डाव्या कानावरचे केस काळे ठेवले.